भाडेकरूंचे खरेदीखत

माझ्या आयुष्यातली पहिली कायदेशीर सही १९७८ सालच्या एका खरेदीखतावर आहे, साक्षीदार म्हणून. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सकाळपासून ताटकळलेल्या घोळक्यात साक्षीदार म्हणून बोलावलेले एक गृहस्थ आलेच नाहीत, तेव्हा वडील म्हणाले, "तुझं अक्षर बरं आहे, तू कर." मी केली. दस्त वाचला नाही. त्या दस्ताने गिरगावातली आमची चाळ तिच्यातल्या सव्वीस बिऱ्हाडांनी थेट मालकांकडून, मध्ये दलाल न घालता, विकत घेतली.

गेल्या वर्षी चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आणि विकासकाच्या वकिलांनी मालकी हक्काची सगळी कागदपत्रे मागितली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ट्रंक माझ्या खोलीत आणून ठेवली. "तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक, जुने कागद तुम्हालाच वाचता येणार," म्हणाले. निवृत्त माणसाला काम नाही म्हणता येत नाही. हा लेख त्या ट्रंकेतून निघाला.

मालकाने आपली इमारत भाडेकरूंनाच का विकावी, हा प्रश्न इतरत्र कुणाला पडणार नाही. मुंबईत त्याला साठ वर्षांची पार्श्वभूमी आहे. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारायला १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले, पण पाडलेल्या खोल्यांइतक्या खोल्या काही लगेच उभ्या राहिल्या नाहीत. पुढे पहिले महायुद्ध. गिरण्या जोरात, माणसांचा लोंढा, बांधकामाला सामान नाही. भाडी चढत गेली. तेव्हा सरकारने १९१८ साली युद्धकालीन भाडेनियंत्रण कायदा केला आणि १ जानेवारी १९१६ चे भाडे हा पाया धरला. विसाच्या दशकाच्या अखेरीस तो मागे पडला. दुसरे युद्ध आले तसा १९३९ साली नवा कायदा आला, आणि मग १९४७ चा तो प्रसिद्ध मुंबई भाडे कायदा, १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आलेला. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच प्रमाणभाडे ठरवले. कायदा तात्पुरता होता. त्याची मुदत वाढवत वाढवत तो अर्धे शतक टिकला. तात्पुरत्या गोष्टींचे आपल्याकडे आयुष्य मोठे असते.

परिणाम सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातला एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो. भाडे गोठले, तरी खोलीची किंमत गोठली नाही. ती किंमत मालकाकडून भाडेकरूकडे सरकली. खोली सोडणारा भाडेकरू नव्या माणसाकडून पागडी घेई, त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला जाई आणि मालक नव्या नावाने पावती फाडी. १९४७ च्या कायद्याच्या कलम १८ नुसार मालकाने अशी रक्कम घेणे हा गुन्हा होता. म्हणून हा सारा व्यवहार तोंडी आणि रोखीचा. चाळींच्या मुंबईतल्या घरदलालाची खरी भूमिका इथे होती. कागदावर लिहिता येत नाही असा करार दोन अनोळखी माणसांमध्ये पार पडायचा तर दोघांच्या ओळखीचा तिसरा लागतो. त्याच्यावाचून पागडी चालली नसती. उलट, अख्खी इमारत भाडेकरूंसह विकायची तर दलालाला फारसा रस नसे, कारण घेणाऱ्याला मिळणार काय, तर गोठलेले भाडे, घरपट्टीची बिले आणि टेकू लावलेला जिना.

आमच्या चाळीचा हिशेब ट्रंकेतल्या एका वहीत आहे. सव्वीस खोल्यांचे मिळून महिन्याचे भाडे ४१२ रुपये. मालकांच्या वडिलांनी ही चाळ स्वतःच्या कमाईतून, दुसऱ्या युद्धाच्या आधी बांधली होती. म्हातारपणी बसून खाता येईल आणि मुलांनाही पुरेल, हा हिशेब. त्या काळच्या कितीतरी मराठी आणि गुजराती कुटुंबांनी हाच हिशेब केला होता. भाडेकरूंची बाजू आपल्या साहित्यात भरपूर आली, चाळीचा मालक मात्र बहुतेक ठिकाणी पावतीपुस्तक घेऊन येणारा खलनायक किंवा विदूषक. मीही त्याच समजुतीत वाढलो. ती वही वाचून वाटले, ४१२ रुपयांत चाळीचा जिना दुरुस्त करायचा कसा, हे त्या माणसाला आम्ही कधी विचारलेच नाही.

इमारती पडू लागल्यावर सरकारने १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. शहर विभागातल्या १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या. त्यांतल्या १६,५०२ 'अ' वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या. आमची त्यांतलीच एक.

१९७७ च्या पावसाळ्यानंतर एक गृहस्थ फूटपट्टीची टेप घेऊन चाळीच्या गॅलऱ्या मोजताना दिसले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी हटकले तेव्हा ते दलाल निघाले. कुणी बाहेरचा खरेदीदार चाळीला नव्वद हजार द्यायला तयार होता, पण निम्म्या खोल्या रिकाम्या करून हव्या होत्या. त्याच आठवड्यात रविवारी चाळीतले पाच जण दादरला मालकांच्या घरी गेले. वडील त्यांत होते. तेव्हा मालक म्हणजे दोघे भाऊ; त्यांचे वडील १९६१ साली वारले होते. वडिलांच्या टिपणवहीत त्या भेटीची नोंद आहे. थोरल्या भावाने सरळ सांगितले की खोल्या रिकाम्या करून देणे आमच्याने होणार नाही, तुम्ही आहात तसे घेत असाल तर तुम्हालाच देतो, आणि दलालीही वाचेल. चार बैठकांत ७८,००० वर सौदा ठरला. प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला तीन हजार. कुणी पोस्टातले काढले, कुणी पाटल्या मोडल्या, आमच्या घरी ताईच्या लग्नासाठी ठेवलेले वापरले.

घ्यायचे कुणाच्या नावाने, हा पुढचा प्रश्न. एकेकट्याने घेतले असते तर एक गमतीदार गोष्ट झाली असती. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात कलम १११ मध्ये भाडेपट्टा संपण्याचे मार्ग दिले आहेत. त्यांतला एक असा की भाडेकरूचा आणि मालकाचा हक्क एकाच वेळी एकाच माणसाकडे आला की पट्टा आपोआप विरून जातो. कुणी स्वतःचाच भाडेकरू असू शकत नाही. पण सव्वीस जणांनी एक इमारत घेताना हे जमणार नव्हते. उत्तर हाकेच्या अंतरावर, गावदेवीला होते. १९१५ साली तिथे श्रीपाद सुब्राव तालमकी आणि त्यांच्या सारस्वत ज्ञातिबांधवांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, देशातल्या या प्रकारच्या संस्थांची ती गंगोत्री मानली जाते. तिथली कल्पना अशी की घराची मालक संस्था, राहणारे तिचे सभासद आणि त्याच वेळी तिचे भाडेकरू. आपल्या सहकार कायद्याच्या नियमांत आजही 'भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था' असा वर्ग आहे. आमच्या नोंदणी प्रमाणपत्रावर तेच शब्द आहेत, आणि लहानपणी मला ते चुकीचे छापलेले वाटत, कारण आम्ही तर आता मालक झालो होतो.

संस्था नोंदवून झाली, १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली लागणारी परवानगीही खेटे घालून मिळाली. आता राहिला मालकी हक्काचा तपास. दलाल नव्हता, तसा सॉलिसिटरही नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका सॉलिसिटरच्या पेढीत कारकून होते, त्यांनी सगळे काम फुकट केले. त्यांच्या कामाबद्दल मला आजही आदर आहे. निबंधक कचेरीत बसून त्यांनी तीस वर्षांच्या सूची पाहिल्या, वर्षागणिक तक्ता केला, कुठे गहाण नाही, कुठे विक्री नाही. प्रॉपर्टी कार्ड काढले. त्यावर वडिलांचे नाव कमी होऊन दोघा भावांची नावे लागलेली. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, चौदा दिवसांची, हरकत कुणाची आली नाही. खतात भावांनी लिहून दिले की आमच्या वडिलांना आम्हा दोघांखेरीज वारस नाहीत. त्याखाली चार ओळींवर साक्षीदार म्हणून माझी सही.

आता यातली मेख सांगतो. नोंदणीच्या दप्तरात दस्त सापडतात. १८८२ च्या कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होते, त्यामुळे विकले-घेतलेले सगळे तिथे उमटते. पण माणूस मृत्युपत्र न करता गेला की त्याची मिळकत वारसांकडे जाताना एकही दस्त होत नाही. ती त्या क्षणी, कागदावाचून, जाते. सूचीत ते दिसत नाही. प्रॉपर्टी कार्डावर जे दिसते ते वारसांनी अर्ज करून सांगितलेले, आणि जो अर्ज करत नाही त्याचे नाव लागत नाही. तीस वर्षांच्या सूची चाळूनही जे कळणार नव्हते ते एवढेच होते.

मला ते सूचीत नाही, भाडेपावत्यांत सापडले. आईने आमच्या खोलीच्या १९४९ पासूनच्या पावत्या सुतळीत ओवून ठेवल्या होत्या. १९५९ ते १९६३ मधल्या बऱ्याच पावत्यांवर सही बाईमाणसाची आहे, गोल, शाळकरी अक्षरात. १९६१ नंतर सहीच्या आधी 'मालकांतर्फे' असे लिहिलेले. आईला दाखवल्या. ती एक्क्याण्णव वर्षांची आहे, कालचे विसरते, पण म्हणाली, "मालकांची ताई ती. महिन्याच्या पहिल्या रविवारी यायची. तुला खडीसाखर द्यायची. लग्न होऊन बडोद्याला गेली." खडीसाखर मला आठवते. ताई आठवत नव्हती.

लोकांचा समज असतो की मुलींना वाटा २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतल्या जन्मसिद्ध हिश्श्याबद्दल होती. स्वकष्टार्जित मिळकतीत, बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिला होता. मालकीणबाई यजमानांच्या आधीच गेल्या होत्या. म्हणजे १९६१ साली आमच्या चाळीचे मालक तीन झाले. आम्ही दोघांकडून घेतली.

हे सव्वीस जणांना ठाऊक नव्हते, असे म्हणायची सोय असती तर मी हा लेख कदाचित वेगळा लिहिला असता. इंग्लंडमध्ये १८०९ साली 'डॅनियल्स विरुद्ध डेव्हिसन' हा खटला झाला. भाड्याने राहणाऱ्या माणसाने तीच जागा मालकाकडून विकत घ्यायचा करार केला होता आणि मालकाने ती तिसऱ्यालाच विकली. लॉर्ड एल्डन यांनी ठरवले की जागेत भाडेकरू बसलेला दिसत असताना खरेदीदाराने त्याच्याकडे चौकशी केली पाहिजे. केली नाही, तरी त्या भाडेकरूचे जे हक्क असतील ते त्याला ठाऊक होते असे धरले जाईल. हेच तत्त्व १९२९ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाच्या स्पष्टीकरणात आले. त्याच्यामागची व्यवहारी समजूत मला फार पटते: घराबद्दल खरे काय ते तिथे राहणाऱ्याला विचारा. आमच्या बाबतीत राहणारे आणि घेणारे एकच होते. चौकशी करायची तर आम्ही ती आमच्याकडेच करायची होती, आणि आमच्या सुतळीत ओवलेल्या पावत्यांत उत्तर होते.

दिसणाऱ्या मालकावर विसंबून घेणाऱ्याला कायदा कलम ४१ खाली संरक्षण देतो, पण अट ही की त्याने वाजवी काळजी घेतलेली असावी आणि त्याचे मन साफ असावे. या दुसऱ्या अटीपाशी मी अडतो, कारण वडिलांच्या टिपणवहीत तिसऱ्या बैठकीची नोंद अशी आहे: 'बहिणीचे विचारले. थोरले म्हणाले, तिचे लग्नात सर्व केले. पुढे विचारले नाही.'

तीन वाक्ये. त्यांतल्या तिसऱ्याची गरज नव्हती. वडिलांनी ते का लिहिले असावे, याचा मी वर्षभर विचार करतो आहे.

दलाल मध्ये असता तर हे टळले असते का? मला वाटत नाही. दलालाचे दोन टक्के व्यवहार पुरा झाल्यावर मिळतात. सौदा मोडेल असा प्रश्न विचारण्यात त्याचा फायदा नसतो. खऱ्या सॉलिसिटरने मात्र वारसांची प्रतिज्ञापत्रे मागितली असती, कारण तो परका असता. आम्ही परके नव्हतो. मालकांच्या वडिलांच्या तेराव्याला चाळीतली माणसे जेवून आली होती. दोन्ही बाजूंना एकमेकांची अडचण माहीत होती, तिथे 'बहिणीची सही आणा' हे म्हणणे म्हणजे थोरल्यांच्या शब्दावर शंका घेणे. थेट व्यवहारात पैसा वाचला आणि भीडही आली. त्या भिडेची किंमत खोलीत नसलेल्या बाईने दिली.

वडिलांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८६ साली सरकारने म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातले. उपकरप्राप्त इमारतीतल्या सत्तर टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून मागणी केली तर सरकार ती इमारत संपादन करून त्यांना देऊ शकते, आणि मालकाला मोबदला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट. आमच्या चाळीला तो हिशेब लावला तर ४१,२०० रुपये. आमच्या लोकांनी आठ वर्षे आधी, कुणी भाग न पाडता, ७८,००० दिले होते, म्हणजे १८९ महिन्यांचे भाडे. मालकांच्या संघटनेने ते प्रकरण न्यायालयात नेले. उच्च न्यायालयात १९९१ साली ते हरले, सर्वोच्च न्यायालयात प्रश्न मोठ्या आणि आणखी मोठ्या खंडपीठाकडे जात राहिला, आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की प्रत्येक खासगी मालमत्ता म्हणजे समाजाची भौतिक साधनसंपत्ती नव्हे. मधल्या काळात १९९७ साली गोठवलेले प्रमाणभाडे अन्यायकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, ३१ मार्च २००० पासून नवा भाडेनियंत्रण कायदा आला, वर्षाला चार टक्के वाढ आली, पागडी उजळ माथ्याने घेता येऊ लागली. या साऱ्या खटल्यांत भाडेकरू आणि मालक असे दोनच पक्ष आहेत. मालकांच्या घरात कोण कोण होते, हे कुणी विचारत नाही.

विकासकाच्या वकिलांना मात्र वारसाचे प्रकरण कळले. (मीच सांगितले. सेक्रेटरी त्यावरून माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत.) वकिलांचे मत असे की इतक्या वर्षांनंतर, बारा वर्षांची मुदत कितीतरी वेळा उलटून गेल्यावर, त्या बाईंचा दावा टिकणे कठीण आहे, तरीही त्यांच्याकडून एक हक्कसोडपत्र आणले तर बरे. सोसायटीने कामगिरी माझ्यावर टाकली. साडीचोळी आणि अकरा हजार रुपये, असे ठरले.

मार्चमध्ये मी बडोद्याला गेलो. ताई चौऱ्याऐंशीच्या आहेत. मुलाच्या घरी खिडकीशी बसल्या होत्या. मी नाव सांगितले, त्यांनी विचारले, "कितव्या मजल्यावरचा?" तिसऱ्या म्हटल्यावर म्हणाल्या, "सोळा रुपये चार आणे. तुझे वडील सुटे काढून ठेवायचे. बाकीचे नोट पुढे करायचे आणि मला खाली वाण्याकडे पाठवायचे." मग एकेक खोलीचे भाडे त्यांनी सांगितले. मी वही काढून ताडून पाहिले. दोन ठिकाणी चुकल्या.

चाळ विकल्याचे त्यांना १९८० च्या दिवाळीत, भाऊबीजेला माहेरी गेल्यावर कळले. त्या वर्षी ओवाळणीत चांदीचे ताट आले, नेहमी पाच रुपये असत. "तेव्हा मला वाटलं, दादाची बढती झाली," त्या म्हणाल्या.

पिशवीतली साडी मी काढली नाही. खरेदीखताची प्रत मात्र त्यांच्या मुलाने मागितली आणि मी दिली, वारसांच्या वाक्याच्या पानासकट. त्याने ते वाक्य मोठ्याने वाचले. ताईंनी ते पुन्हा वाचायला सांगितले. मग माझ्या सहीवर बोट ठेवून विचारले, "हा तू?" मी हो म्हणालो. वाचून सही केली होतीस का, हे त्यांनी विचारले नाही, पण मी सांगितले.

साक्षीदाराची सही म्हणजे दस्तातल्या मजकुराची हमी नव्हे, त्याने फक्त सही होताना पाहिली असते. कायदा असाच आहे आणि वकिलांनी तो मला दोनदा समजावला आहे.

परत आल्यावर मी सोसायटीला लेखी अहवाल दिला. ७८,००० चा तिसरा हिस्सा २६,००० होतो. तो त्या काळच्या भावाने द्यायचा, व्याजासह द्यायचा, की नव्या इमारतीत ताईंच्या नावाने काही जागा ठेवायची, असे तीन पर्याय त्यात मांडले. चौथा पर्याय, काहीच न करण्याचा, सेक्रेटरींनी हाताने लिहून जोडला. ताईंनी अजून सही केलेली नाही आणि नकारही दिलेला नाही. मुलाचे पत्र आले त्यात एवढेच आहे की आई विचारते, जिना तोच आहे का. सर्वसाधारण सभा तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी आहे. विषय क्रमांक चार.